जो निजला तो थिजला

आमच्या कॉलनीत उजाडायला काळपांडे सरांची परवानगी लागत असे.

मेहकरच्या एका टोकाला, आधी जिथे ज्वारी व्हायची तिथे प्लॉट पाडून आम्ही नोकरदारांनी घरं बांधली होती. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, आणि एका पतसंस्थेतला मी कारकून. सरांची आणि माझी भिंत एकच. कुणाच्या शेजाराला भांडकुदळ माणूस येतो, कुणाच्या वाटीभर साखर रोज मागणारा. माझ्या वाट्याला आला तो दुसऱ्याची झोप हा स्वतःचा अपमान समजणारा माणूस.

सर हायस्कुलात व्यायामशिक्षक होते. निरोपसमारंभात शाळेनं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि गळ्यातली शिट्टी काढून घ्यायला मात्र विसरली. शाळेचं हे विसरणं पुढे कितीतरी वर्षं आमच्या कॉलनीला भोवलं. कोंबड्याच्याही ध्यानीमनी नसताना सर फाटकाशी उभे राहत आणि एक लांब शिट्टी फुंकत. मग दोन आखूड. लांब शिट्टीचा अर्थ ‘उठा’ आणि आखूड शिट्ट्यांचा अर्थ ‘उठला नाहीत हे मला कळलं आहे’. मी त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे मला वेगळी वागणूक होती. माझ्या खिडकीवर छडी वाजे. "काऊन बे वसंता, मुडदा पडला का तुहा?" मी पतसंस्थेत खुर्चीवर बसणारा, दोन लेकरांचा बाप, आणि तरी माझ्या तोंडून "आलो सर" असंच निघे.

झोपेबद्दल सरांचा एक सिद्धांत होता. माणसाचं शरीर म्हणजे लोखंडी फाटक. ते सारखं उघडझाप करत राहिलं तर बिजागऱ्या गुळगुळीत, आणि बंद पडून राहिलं की गंजल्या. म्हणून जास्त निजणाऱ्याचे सांधे धरतात आणि कमी निजणाऱ्याचे मोकळे राहतात. हा सिद्धांत त्यांनी आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहून काढला होता : जो निजला तो थिजला. खाली स्वतःचं नाव. नाहीतर कुणा संताचं वचन समजून लोकांनी हात जोडले असते, आणि त्याचं श्रेय भलत्याच माणसाला गेलं असतं.

निवृत्त मंडळींचं सरांनी एक ‘पहाट मंडळ’ काढलं होतं. देऊळगावच्या रस्त्यानं फेरी मारून सगळे सरांच्या अंगणात येत, खुर्च्या गोल मांडल्या जात, चहा येई आणि हजेरी सुरू होई. हजेरी म्हणजे कोण किती वाजता उठला ते सांगायचं. हा उलटा लिलाव होता. बोली खाली खाली जायची. एकजण पाच म्हणाला की दुसरा साडेचार म्हणे, तिसरा घसा खाकरून चारवर येई, आणि शेवटी सर काही न बोलता नुसते हसत, म्हणजे त्याच्याही आधी. एकदा पोस्टातून निवृत्त झालेले देशमुख "मी त काल निजलोच नाही" असं म्हणाले आणि मैदान मारून गेले. त्या दिवशी सरांनी चहा अर्धा टाकला.

हजेरी संपली की दुसरा विषय निघे. तो रोज एकच असे. कुणाची कंबर धरलेली, कुणाला जिना उतरताना गुडघ्यात कळ, कुणाची मान वळत नाही. देशमुख तर उठताना आधी खुर्चीच्या हातांना, मग देवाला आणि मग शेजारच्याला धरत. आपण किती कमी झोपतो याची फुशारकी आणि आपलं काय काय दुखतं याचं रडगाणं, ही दोन्ही एकाच कपातल्या चहासोबत चालत. पण मंडळातल्या एकाही शहाण्याला या दोघांची कधी गाठ घालून द्यावीशी वाटली नाही.

अपवाद सत्तारभाईंचा. सत्तारभाई कापडाचे व्यापारी, सरांचे बालमित्र. ते पहाटेच्या नमाजेला उठत, नमाज आटोपून मंडळात येऊन चहा पीत आणि घरी जाऊन पुन्हा चांगले घोरत. शिवाय हे सगळ्यांसमोर सांगत. ते दुकानात दिवसभर मांडी घालून बसत आणि गिऱ्हाईक आलं की हात न टेकता उठत.

"सत्तार, दोनदा निजनं हे आळशाचं लक्षण आहे," सर म्हणत.

"सर, मी अल्लाच्या बुलाव्यानं उठतो," सत्तारभाई बशीत चहा ओतत म्हणत. "तुमी देशमुखाले हरवासाठी उठता. थकवा कोनाले येईन, सांगा बरं."

यावर सर म्हणत, "चहा पी अन् चूप बस."

आता या चहाबद्दल सांगायला हवं. मंडळात एक माणूस असा होता की ज्याची हजेरी कधी लागली नाही. शिट्टी वाजण्याआधी अंगण झाडलेलं असे, त्यावर सडा पडलेला असे, बंबात पाणी तापलेलं असे, सरांच्या पाठीला तेल लावून झालेलं असे आणि मंडळाच्या चहाचं आधण गॅसवर चढलेलं असे. या सगळ्याच्या मागे सुमनकाकू होत्या. साऱ्या कॉलनीला उठवणाऱ्या सरांना कोण उठवतं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. एकदा काकू माहेरच्या लग्नाला गेल्या तेव्हा शिट्टी सूर्य वर आल्यावर वाजली, आणि आम्हाला उत्तर मिळालं. सरांनी मात्र त्या दिवशी शिट्टीत कचरा अडकल्याचं सांगितलं.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे गुडघे गेलेले होते. चालताना त्या एक हात भिंतीवर ठेवत, त्यामुळे त्यांच्या घरातल्या सगळ्या भिंतींवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. सर तो पट्टा दर दिवाळीला रंगवून घेत आणि रंगाऱ्याला म्हणत, "बायायच्या हाताले घान लय असते."

सरांची स्वतःची पाठ हा वेगळाच विषय. ती दुखत असे, हे सगळ्या गावाला माहीत होतं; फक्त सरांनी ते मान्य करायचं राहिलं होतं. ते कमरेतून डावीकडे कलून उभे राहत आणि त्याला ‘विश्रामची माझी पद्धत’ म्हणत. अगदीच कळ आली तर दोष बाहेर शोधत. कधी वांग्याची भाजी वातूळ निघे, कधी घरातल्या फरशा थंड असत, कधी हरभऱ्याची डाळ, कधी समोरचा मोबाईलचा टॉवर. एकदा तर त्यांनी हायब्रीड ज्वारीला धरलं. "देशी ज्वारी खाल्ली त्याच्या पाठीचा कना पाहा अन् आताचा पाहा," असं ते खाटेवर पालथे पडून सांगत होते आणि काकू वरून निरगुडीच्या पाल्यानं शेकत होत्या.

एका उन्हाळ्यात कुणी तरी त्यांना बिब्बा सांगितला. बिब्ब्याचा चटका जपून द्यायचा असतो, टिपक्याएवढा. पण जपून काही करणं सरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी काकूंकडून पाठीवर उभ्या-आडव्या रेघा ओढून घेतल्या. बिब्बा उतला. पाठभर फोड आले. पंधरवडाभर सर उघडे, पालथे, आणि तरी पहाटे खिडकीतून शिट्टी. भेटायला आलेल्या देशमुखांना ते म्हणाले, "पाहा, दुखनं बाहेर निघून राह्यलं." देशमुख घाबरून त्या दिवशी घरी जाऊन झोपले म्हणतात.

झोपेचं एक वाईट असतं. रात्री तिला दारातून हाकललं की ती दिवसा खिडकीतून येते. सरांना ती कुठेही गाठे. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, नातवाशी फोनवर बोलताना. सर याला ‘चिंतन’ म्हणत. "सर चिंतनात गेले" असं म्हणायची मग गावातच पद्धत पडली. मंडळातले एक जुने सभासद वारले, त्यांच्या शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळायची होती. सगळे उभे राहिले. सर पाठीमुळे बसूनच राहिले. शांतता पडली, आणि तिच्यात पहिल्या रांगेतून घोरणं सुरू झालं. आधी बारीक, मग शिट्टी, मग थेट ट्रॅक्टर. गेलेल्या माणसाची बायकोसुद्धा पदराआड हसली. मी सरांच्या पायाला पाय लावला. ते ताडकन जागे झाले, डोळे पुसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मले हुंदका आवरला नाही."

सर खोटं बोलत नसत. ते फक्त हरत नसत.

त्यांच्या न हरण्याची खरी किंमत हिवरा आश्रमाच्या पंगतीत कळली. तिथल्या उत्सवाची पंगत आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. मोकळ्या रानात माणसांच्या ओळीच्या ओळी बसतात आणि पुरी-भाजी वाढायला ट्रॅक्टर फिरतात. त्या वर्षी सर, काकू, मी आणि माझी बायको असे चौघं गेलो. म्हाताऱ्यांसाठी बाजूला खुर्च्या होत्या. एका कार्यकर्त्यानं सरांना अदबीनं खुर्ची दाखवली. सर त्याच्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले, जणू त्यानं तिरडीच दाखवली होती. "खुर्चीवर जेवतो तो पाहुना असते, नाही त पेशंट असते," असं म्हणून त्यांनी जमिनीवर मांडी ठोकली.

जेवण झालं. लोक उठले. ओळ रिकामी झाली. सर बसलेलेच.

"सर, चला," मी म्हणालो.

"घाई काय आहे? प्रसाद आहे. चिंतन करू दे."

पण डोळे उघडे होते, आणि कपाळावर घाम होता. पाठ जागीच धरली होती. तेवढ्यात नवी पंगत येऊन बसली. सरांच्या दोन्ही बाजूंना अनोळखी गावची माणसं, समोर नवी पत्रावळ. ट्रॅक्टर आला. वाढणाऱ्यांनी सरांच्या पत्रावळीवरही पुऱ्या टाकल्या. "उठता येत नाही" एवढे तीन शब्द बोलण्याऐवजी सरांनी पहिल्या घासापासून पुन्हा जेवायला सुरुवात केली. शेजारचा माणूस कौतुकानं म्हणाला, "बाबा, या वयात चांगलं जेवन आहे तुमचं." सर म्हणाले, "व्यायाम आहे."

तिसरी पंगत बसायची वेळ आली तेव्हा काकू त्यांच्या मागे गेल्या, खाली वाकल्या, त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना ओढून उभं केलं. मी धावेपर्यंत ते झालंही होतं. सर उभे राहिले, धोतर झटकलं. काकू मात्र तिथेच खाली बसल्या. उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजल्याचं माझ्या बायकोनं ऐकलं होतं. सर वळून म्हणाले, "पाहा, म्हनून सांगतो रोज चालत जा."

मला त्या क्षणी त्यांची शिट्टी हिसकून विहिरीत टाकावीशी वाटली. मी टाकली नाही. गाडीचं दार उघडलं आणि काकूंना धरून बसवलं.

गुडघा सुजला तो उतरेना. पंधरा दिवसांनी मी दोघांना गाडीत घालून खामगावला हाडांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. फोटो काढले, गुडघा दाबून पाहिला, आणि मग त्यांनी काकूंना विचारलं, "आजी, झोप किती होते?"

"भरपूर होते," सर म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

काकूंनी आधी सरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ह्याईच्या आंधी उठाव लागते," त्या म्हणाल्या, "अन् ह्याईच्या मांगून निजाव लागते. मधी पाय ठनकतात. तवा फकस्त पडून राहाव लागते."

"किती वर्षं?"

"लग्न झालं तवापासून."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. गुडघ्याची झीज आहे, त्यांनी सांगितलं, वयाच्या मानानं असते तेवढी. ऑपरेशनची वेळ कदाचित येईलही. पण झीज जेवढी दिसते त्यापेक्षा दुखणं फार जास्त आहे. पुरेशी झोप नसली की शरीर दुरुस्तीचं काम अर्धवट टाकतं, आणि तेच दुखणं जास्त लागतं. दुखतं म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून दुखतं, असं हे चाक फिरत राहतं. "आधी यांना काही महिने नीट झोपू द्या. सात-साडेसात तास, मध्ये न उठवता. आणि थोडा व्यायाम. मग ऑपरेशनचं बोलू."

सरांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "म्हंजे मानसानं दिवसभर लोयत पडाव का? मंग पाठ धरत नाही का?"

"धरते ना. फार लोळणाऱ्यांचीही धरते. मी लोळायला सांगितलंच नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सरांच्या डावीकडे कललेल्या कमरेकडे पाहिलं. "तुमची पाठ किती दिवसांपासून दुखते?"

"मले काही होत नाही," सर म्हणाले आणि खुर्ची धरून उठले.

परतीच्या वाटेवर सर खिडकीबाहेर पाहत बसले. मला वाटलं, लागलं मनाला. खरंच लागलं होतं. पण सरांच्या मनाला काही लागलं की त्याचा त्रास दुसऱ्याला सुरू होई.

दुसऱ्या दिवसापासून सर झोपेचे प्रचारक झाले. पहाटेची शिट्टी बंद झाली आणि सांजेची सुरू झाली. एक लांब शिट्टी म्हणजे ‘निजा’. भिंतीवरचं वचन त्यांनी चुन्यानं पुसलं. मंडळात हजेरी आता वाढत्या भावानं चालू झाली. देशमुखांनी एका सकाळी "मी त आताच उठलो" सांगून पुन्हा पहिला नंबर पटकावला. सगळ्यांना अंगणात कुजबुजत बोलायची सक्ती झाली, कारण आत काकू झोपल्या होत्या. म्हणजे झोपायला हव्या होत्या. मंडळाला चहा लागतोच, तेव्हा त्या आत दबक्या पावलांनी चहा करत होत्या.

दुपारी तर कहर. जेवण झालं की काकूंना खाटेवर निजवून सर उशाशी खुर्ची टाकून पहारा देत. मी जेवायला घरी आलेला असलो की भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येई.

"सुमन, झोपली का?"

"हाव."

"मंग बोलून काऊन राह्यली?"

मग पुन्हा, "डोये गच्च मिटू नको. हलके मिट. डॉक्टरनं काय सांगतलं?" मग पंखा कमी. मग जास्त. मग बाहेर भांडेवाली ओरडली म्हणून तिच्यावर ओरडण्यासाठी सर दारात, तिच्यापेक्षा मोठ्यानं. पहिल्या आठवड्यात काकूंचे डोळे आणखी खोल गेले.

एका सकाळी मंडळ भरलेलं असताना काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. नऊवारीची घडी चांगली होती, पायात चपला होत्या.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"जानेफयले." जानेफळला त्यांचा धाकटा भाऊ विनायक शेती करतो.

"काऊन? लगन आहे कोनाचं?"

"नाही."

"कोनी आजारी आहे का?"

"नाही. निजाले चालली," काकू म्हणाल्या, आणि फाटक लोटून भिंतीला हात न लावता, कारण रस्त्याला भिंत नव्हती, हळूहळू स्टँडकडे गेल्या.

सर सगळ्यांकडे पाहून हसले. "गंमत करते. संध्याकायी येईन." मंडळही हसलं. सत्तारभाई तेवढे हसले नाहीत.

संध्याकाळी काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी फोन लावला. विनायकरावांनी सांगितलं, "ताई निजेल आहे." दुपारी लावला, "ताई जेवली अन् निजली." सरांनी आवाज चढवला तेव्हा विनायकराव म्हणाले, "भाऊजी, हळू बोला, फोन तिच्या खोलीच्या बाजूले आहे." साठी उलटलेली लेक माहेरी नुसती झोपायला आल्याची बातमी जानेफळभर झाली आणि तिथून मेहकरला आली. बायका नळावर ती हसत हसत सांगत आणि मग जरा गप्प होत. माझ्या बायकोनंही ती मला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे रोखून पाहत.

मंडळाचं काय झालं ते सांगायला तीन वाक्यं पुरतील. पहिल्या दिवशी सरांनी चहा केला, तो उतू गेला. दुसऱ्या दिवशी केला, त्यात साखरेऐवजी मीठ पडलं. तिसऱ्यापासून कुणाची कंबर, कुणाचा पाहुणा, असं करत माणसं गळाली आणि सत्तारभाई घरून थर्मास घेऊन येणारे तेवढे उरले.

"सगळे हरामखोर निघाले," सर म्हणाले.

"हरामखोर कायचे? मंडय पहाटेचं नव्हतंच सर," सत्तारभाई म्हणाले. "वहिनीच्या चहाचं होतं."

मग एके दिवशी सांजेची शिट्टीही वाजली नाही. इतकी वर्षं जिच्यावर दात खाल्ले तिची वाट पाहत मी भिंतीला कान लावून उभा होतो. शेवटी गेलो. सर खाटेच्या काठावर बसले होते. तेलाची वाटी बाजूला होती. स्वतःच्या पाठीला हात पुरत नाही, हे त्यांना बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. मी मुकाट्यानं वाटी उचलली आणि त्यांच्या पाठीला तेल लावू लागलो. बिब्ब्याचे जुने डाग तसेच होते.

"झोप येत नाही का सर?"

"झोपाची सवय कुठं आहे?" ते म्हणाले. "वसंता, ती येईन नं बे?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिची झोप यांनी शिट्टीसाठी वापरली, तिच्याबद्दल हा प्रश्न विचारायला यांची पाठ धरावी लागली. मी म्हणालो, "तुम्ही बोलावलं का त्यांना?"

"फोनवर सांगतलं, ये म्हनून."

"सांगितलं. विचारलं का?"

मी तेल लावत राहिलो.

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली. सामान हलवण्याआधी पतसंस्थेच्या कामानं मला एका सकाळी जानेफळला जावं लागलं. काम लवकर आटोपलं, म्हणून विनायकरावांच्या घरावरून गाडी घेतली. दारासमोरच्या निंबाखाली बाजेवर काळपांडे सर बसले होते. पायाशी पिशवी, डोक्याला रुमाल. पहिल्या एस्टीनं आले होते म्हणे. मला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"केव्हा आलात?" मी कुजबुजत विचारलं.

"झाला घंटा."

"दार वाजवलं नाही?"

"वाजवून काय करू? निजेल आहे ती." सरांनी बंद दाराकडे पाहिलं. "विचाराचं आहे तिले. घरी येतं का म्हनून. नाही म्हनली त... नाही म्हनली त परत जातो. पन उठल्यावर विचारीन. आपलीआपली उठू दे."

विनायकरावांनी विहिरीवरून येऊन हातानंच चहाचं विचारलं, सरांनी हातानंच नको म्हटलं. गल्लीतून एक बकरी ओरडत आली तर सर तिच्या मागे चार पावलं धावले, मग कमरेत कळ आली म्हणून डावीकडे कलून उभे राहिले, आणि परत येऊन बसले. मी शेजारी टेकलो. ऊन अंगावर आलं होतं. बोलायला परवानगी नसल्यामुळे आम्ही नुसते बसून राहिलो. थोड्या वेळानं पाहतो तर सरांची मान छातीवर उतरली होती. मग ते हळूच कलले आणि बाजेवर आडवे झाले. या वेळी चिंतन नव्हतं. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबलेला, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी शाळेत असल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. हा माणूस दमलेला होता.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या. त्या उंबऱ्यावरून उतरल्या तेव्हा त्यांचा हात भिंतीकडे गेला नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली होती. त्यांनी सरांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला न्यायला आले आहेत," मी हलकेच म्हणालो. "येता का, असं विचारायचं होतं त्यांना. तुम्ही उठायची वाट पाहत होते. उठवू का?"

"कायले उठवता?" काकू म्हणाल्या. "जलमात पहिल्यांदा चूप बसले आहेत."

त्या पुढे आल्या, सरांचा लोंबणारा पाय उचलून बाजेवर ठेवला, आणि वाकल्या तशा सरळ होऊन परत दाराकडे गेल्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या.

"जागे झाले अन् विचारलं त सांगजा," त्या म्हणाल्या, "मी निजली आहो."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.